रोड बाइकचा हँडलबार बदलताना शिफ्टर निघत नाही, किंवा नव्या बारवर सरकतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

पावसाळा सरला की पुण्यातल्या रोड बाइक पुन्हा रस्त्यावर येतात, आणि त्याच सुमारास माझ्याकडे हँडलबार बदलायच्या सायकली यायला लागतात. कुणाला ४४ सें.मी.चा बार (हँडलबार) रुंद पडतो म्हणून ४२चा हवा असतो. कुणाचा बार पडून वाकलेला असतो, तर कुणाचा वर गुंडाळलेल्या टेपखाली घामाने खाल्लेला. कारणं वेगवेगळी, पण बहुतेकांचं अडतं शिफ्टरपाशी, म्हणजे बारवरच्या ब्रेक-गिअरच्या लिव्हरपाशी. यूट्यूबवर दोन मिनिटांत निघालेला शिफ्टर आपल्या हातात जागचा हलत नाही. मग जोर लावला जातो, बोल्टची खाच गोल होते, वायरी उगाच सोडल्या जातात आणि सायकल चार दिवस स्टँडवर पडून राहते.

खरं तर बारच्या बाहेरून वायरिंग असलेल्या सायकलीवर एकही वायर न सोडता शिफ्टर अख्खाच्या अख्खा निघतो. बहुतेकदा त्याला ५ मि.मी.ची एक चांगली ॲलन की पुरते. म्हणून खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत, फुकटापासून खर्चिकापर्यंत लावल्या आहेत. वरची झाल्याशिवाय खालची करू नका. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच सायकलींचं काम पहिल्या चार तपासण्यांतच झालं आहे.

लक्षणं

बार काढताना:

- बोल्ट सापडतच नाही.
- बोल्ट सापडतो, पण की आत फिरून निसटते.
- की घट्ट बसते, पण बोल्ट हलत नाही.
- बोल्ट सैल झालाय, तरी शिफ्टर बारवरून सरकत नाही.

नवा बार लावल्यावर:

- खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की शिफ्टर खाली झुकतो, किंवा उभं राहून चढताना आत-बाहेर वळतो.
- गिअर उशिरा पडतात, किंवा हँडल वळवलं की आपोआप बदलतात.
- हँडल वळवलं की ब्रेक घासतो.

दुसऱ्या गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या लक्षणाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. सिंहगडावरून किंवा दिवे घाटातून उतरताना सगळा भार हूडवर (शिफ्टरवरच्या रबरावर) किंवा ड्रॉप्सवर (बारच्या खाली वळलेल्या भागावर) असतो. तिथे शिफ्टर अचानक फिरला तर हात सुटतो, आणि त्याच हातात ब्रेक असतो.

आधी नुसतं बघा

हत्यार हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं सायकलीकडे बघा.

वायरी कुठून जातात? टेपखालून, बारच्या बाहेरच्या अंगाने जात असतील तर काम घरचं आहे. बारला छिद्रं असून वायरी त्याच्या आतून स्टेमपर्यंत (बार मध्यावर धरणाऱ्या तुकड्यापर्यंत) किंवा थेट फ्रेममध्ये जात असतील, तर शिफ्टर अख्खा निघणार नाही. तिथे वायर किंवा ब्रेकची नळी सोडावीच लागते. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारा असेल आणि नळी आतून गेली असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिककडे द्या. नळी कापणं, नवं ऑलिव्ह आणि बार्ब (नळीच्या टोकाचे जोड) बसवणं, मग ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, हे सगळं ओघाने येतं. चुकलं तर ब्रेकच लागत नाही.

नवा बार खरोखर बसणारा आहे का, हेही आत्ताच बघा. रोड शिफ्टरचा क्लॅम्प, म्हणजे बारला आवळणारी पट्टी, २३.८ मि.मी. जाडीच्या बारसाठी असतो. एमटीबी आणि हायब्रिडचे सरळ बार पकडीच्या जागी २२.२ मि.मी. असतात. त्यावर रोड शिफ्टर कितीही आवळला तरी धरणार नाही. मधला भाग, म्हणजे स्टेममध्ये बसणारा, आजकाल बहुतेक ३१.८ मि.मी. असतो. जुन्या सायकलींवर २६.० किंवा २५.४ मि.मी. सापडतो. हा आकडा बारच्या मध्यावर छापलेला असतो. स्टेमचा आणि बारचा आकडा जुळत नसेल तर पत्र्याची चकती घालून जुळवाजुळव करू नका. भार पडल्यावर बार स्टेममध्ये फिरतो.

नवा बार जुन्यापेक्षा रुंद असेल, किंवा त्याची पुढची पोच जास्त असेल, तर वायरींना जास्त लांबी लागणार. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून बघा. आत्ताच आउटर (वायरींवरची आवरणं) ताणले जात असतील तर नवे आउटर आधीच आणून ठेवा. ४४वरून ४२वर येणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही.

आता फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, वरून, समोरून. डाव्या लिव्हरला पुढचा ब्रेक आहे की मागचा, आउटर कशावरून कसा गेलाय, हे फोटोत दिसलं पाहिजे. उजवा शिफ्टर मागचे गिअर आणि डावा पुढचे, हे ठरलेलं असतं. ब्रेकचं मात्र सायकलीगणिक बदलतं. बारच्या टोकापासून हूडच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजून ठेवा. नवा बार वेगळ्या आकाराचा असला तरी सुरुवात करायला हा आकडा लागतो.

टेप आणि हूड: घाई नडते ती इथे

बार अजून स्टेममध्येच घट्ट राहू द्या. पुष्कळ जण आधी बार सोडवतात आणि मग लटकत्या बारवर बोल्ट उघडायला जातात. जोर कशावर लावणार? आधी शिफ्टर सैल करायचे, मग बार काढायचा.

टोकाचे प्लग काढा आणि टेप उलगडा. शिफ्टरजवळ टेपचा एक छोटा तुकडा क्लॅम्पवर चिकटवलेला असतो, तोही काढा. खाली आउटर इन्सुलेशन टेपने बांधलेले असतात. ते ब्लेडने कापू नका, नखाने सोडवा. ब्लेडचा ओरखडा आउटरच्या प्लास्टिकवर पडला की पाणी आत जातं, आणि कार्बन बारवर पडला तर बारच संशयात येतो.

टेप निघाला की बार नीट बघा. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) बसणाऱ्यांच्या सायकलीचा टेप मी नेहमी सावकाश काढतो, कारण खाली काय निघेल सांगता येत नाही. कर्वेनगरच्या एका मित्राच्या सायकलीवर उजव्या हूडच्या मागे टेपला ओलसर, आंबूस वास होता. टेप उचलला तसा पांढरा, खडूसारखा थर बोटाला लागला. तो नखाने खरवडल्यावर खाली ॲल्युमिनियममध्ये छोटे खड्डे पडलेले दिसले. घामातल्या मिठाने ॲल्युमिनियम असंच खाल्लं जातं, आणि टेपखाली असल्याने महिनोन् महिने कळत नाही. त्याला तो बार आवडायचा, फक्त टेप बदलायचा विचार होता. असा खड्डे पडलेला बार परत लावू नये, आणि दुसऱ्या कुणाला विकूही नये. बार मोडतो तो अचानक मोडतो.

आता हूड, म्हणजे शिफ्टरवरचं रबर. हे ओढून फाटतं, आणि सुटं मिळायला वेळ लागतो. जुनं आणि कडक झालं असेल तर हेअर ड्रायरने किंचित कोमट करा. कडेखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडले की रबर सरकतं, आणि अल्कोहोल उडून जातं. तेल किंवा ग्रीस वापरू नका. ते उडत नाही, आणि पुढे हूड हातात फिरत राहतं.

बोल्ट नेमका कुठे असतो

सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नात जातो. शिफ्टरवर तीन-चार स्क्रू दिसतात आणि हात पहिल्या दिसलेल्या स्क्रूवर जातो. लिव्हरची पोच कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू, वरच्या झाकणाचा स्क्रू, हायड्रॉलिक असेल तर ब्लीडिंगचा स्क्रू. यांपैकी एकही क्लॅम्पचा नाही. ब्लीडिंगचा उघडला तर तेल बाहेर येईल आणि घरगुती काम तिथेच संपेल.

शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ या पुण्यात सर्रास दिसणाऱ्या शिफ्टरवर क्लॅम्पचा बोल्ट बाहेरच्या अंगाला, हूडखाली असतो. डाव्या शिफ्टरचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. हूडवरून अंगठा दाबत नेला की खाली एक लांबट खाच लागते. बोल्ट त्या खाचेच्या तळाशी असतो आणि त्याला ५ मि.मी.ची की लागते. श्रॅमच्या वायरवाल्या शिफ्टरवरही बोल्ट हूडखाली, बाहेरच्याच अंगाला असतो. कॅम्पाग्नोलोला टी२५ टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) लागतो. त्यात ॲलन की कोंबली की खाच गेलीच समजा. अगदी जुन्या, गिअर नसलेल्या ब्रेक लिव्हरमध्ये बोल्ट आतमध्ये असतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर समोरून दिसतो, त्यामुळे तिथे ब्रेकची वायर सैल करावी लागते.

हूड उलटवून बोल्टचं डोकं डोळ्यांनी बघा. मोबाइलचा टॉर्च मारा. अंदाजाने की घालण्यात काही अर्थ नाही.

दिशेचाही गोंधळ होतो. दोन्ही शिफ्टरचे आटे सरळ असतात. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं की घड्याळाच्या उलट दिशेला सैल. पण आपण सायकलच्या वरून वाकून काम करतो, की तिरपी खाली गेलेली असते, आणि मनात दिशा उलटी होते. न हलणारा बोल्ट म्हणून आलेल्या कित्येक सायकलींवर बोल्ट चुकीच्या दिशेने आवळला गेला होता.

कीची तपासणी

की निसटत असेल तर आधी बोल्टला दोष देऊ नका. कीचं टोक उजेडात धरा. सहा कडा धारदार दिसल्या पाहिजेत. घडीच्या स्वस्त सेटमधल्या कीच्या कडा गोल झालेल्या असतात, आणि त्या सेटची मूठ एवढी जाड असते की हूडखाली सरळ जातच नाही. मग की तिरपी बसते, अर्धीच जाते, आणि खाच सोलवटते. गोल टोकाची की भरभर फिरवायला बरी, पण पहिला जोर लावायला कधीही वापरू नका. तिची पकड खूप थोड्या जागेवर असते.

रविवार पेठेत बोहरी आळीत लांब दांड्याची, सपाट टोकाची ५ मि.मी.ची सुटी ॲलन की मिळते. या कामासाठी एवढा एकच खर्च करणार असाल तर इथे हात आखडता घेऊ नका. दुकानात मागताना मि.मी. म्हणून मागा, इंची माप चालत नाही.

की घालायच्या आधी बोल्टची खाच साफ करा. खाच वर तोंड करून असते, त्यामुळे धूळ, घाम आणि पावसाचा चिखल तिथे साठून दगडासारखा होतो. दाभण किंवा जाड सुईने तो उकरून काढा, मग फुंकून टाका. की तळापर्यंत गेली की तिचा आवाज बदलतो, टक् असा कोरडा आवाज येतो. तो आल्याशिवाय जोर लावायचा नाही. न निघणारे बोल्ट म्हणून आलेल्यांत मी सुईने सोडवलेले पुष्कळ आहेत.

सैल करताना तीन-चार फेरे पुरे. बोल्ट पूर्ण बाहेर काढू नका. पलीकडे क्लॅम्पच्या पट्टीत एक नट असतो. तो सुटला की पडतो, आणि परत बसवताना हूडखाली आंधळेपणाने आटे जुळवत बसावं लागतं.

की घट्ट बसली, तरी बोल्ट हलत नाही

आता गंज. बोल्ट पोलादी असतो, आणि घाम व पाऊस वरून झिरपत आट्यांपर्यंत जातो. डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही गंज सोडवणारं तेल चालेल, पण ते कुठे घालायचं हे महत्त्वाचं. बहुतेक जण बोल्टच्या डोक्यावर फवारा मारतात. गंज आट्यांत असतो, आणि आटे पलीकडे पट्टीतल्या नटात असतात. नळी लावून दोन थेंब तिथेच सोडा आणि रात्रभर राहू द्या. खाली फडकं धरा. रिम, डिस्क आणि ब्रेक पॅडवर एक थेंबही जाता कामा नये.

सकाळी आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, मग सोडवायच्या. गंजाची पकड दोन्हीकडून हलली की सुटते. पाइप लावून कीचा दांडा लांब करू नका. ५ मि.मी.ची खाच तेवढा जोर सहन करत नाही.

तापवायचा विचारही नको. हीट गन किंवा लायटर लावला तर हूड आणि शिफ्टरच्या आतलं प्लास्टिक वितळतं, आणि कार्बन बारचं राळ मऊ पडतं.

खाच गोल झाली

बार ॲल्युमिनियमचा असेल आणि तो टाकूनच द्यायचा असेल, तर घरी एक उपाय करता येतो. गोल झालेल्या ५ मि.मी.च्या खाचेत टी३० टॉर्क्सचा बिट छोट्या हातोडीने हलके ठोकून बसवा. त्याचे सहा कोपरे उरलेल्या धातूत घुसतात आणि नवी पकड मिळते. कुणाला तरी बार खालून दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगा, म्हणजे हिसका शिफ्टरला न बसता हातांत जिरेल. मग एकदाच, सावकाश, सलग जोर. निघाला तर तो बोल्ट परत वापरू नका. शिमानोची क्लॅम्पची पट्टी बोल्ट-नटासकट सुटी मिळते.

नाही निघाला, तर पुढचं काम ड्रिलचं आहे. ते घरी करू नका. ड्रिल दोन मि.मी. इकडेतिकडे गेलं की शिफ्टरचं अंगच फुटतं. मेकॅनिककडे जाताना एवढं ध्यानात ठेवा की जुना बार भंगारात जाणार आहे आणि महाग वस्तू शिफ्टर आहे. गरज पडली तर बार शिफ्टरच्या दोन्ही बाजूंनी कापा, म्हणजे तुकडा व्हाइसमध्ये धरून नीट काम करता येईल, असं तुम्ही स्वतःहून सांगा. मी पाहिलेल्या एका सायकलीवर दुकानदाराने बार वाचवायच्या नादात शिफ्टरचं अंग चेपवलं होतं.

कार्बन बार असेल तर हातोडी नको, करवत नको. सरळ मेकॅनिककडे.

बोल्ट सैल आहे, पण शिफ्टर सरकत नाही

बहुतेक वेळा बारच्या वळणावर पट्टी अडकलेली असते, किंवा टेपचा गोंद सुकून थर झालेला असतो. गोंद अल्कोहोलने पुसा, बोल्ट आणखी अर्धा फेरा सैल करा, आणि शिफ्टर वळणाच्या रेषेत खाली ढकला. पिळू नका. काही बारना हाताच्या पकडीसाठी चपटा भाग किंवा उंचवटा असतो, तिथे पट्टी थोडी फाकवून पुढे न्यावी लागते. वायरी लोंबकळत राहतात, त्यांना तीक्ष्ण घडी पडणार नाही एवढं बघा. शिफ्टर निघाला की फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या वरच्या नळीला सैलसर बांधा.

नळी बाहेरून जाणारा हायड्रॉलिक शिफ्टरही असाच निघतो. लोंबकळत असताना लिव्हर दाबू नका. चाक काढलेलं असेल तर मुळीच नाही. मध्ये डिस्क नसताना दाबलं की पिस्टन बाहेर येतात. तेल भरायची वेळ आलीच तर शिमानोला मिनरल ऑइल लागतं आणि श्रॅमच्या बऱ्याच रोड ब्रेकना डॉट ५.१. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतले सील फुगतात. डीआयटू, म्हणजे शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर वायर हाताने उपटू नका, तिच्यासाठी प्लास्टिकचं वेगळं हत्यार येतं.

नव्या बारवर शिफ्टर सरकतो

सर्वांत आधी अल्कोहोल. नव्या बारवर कारखान्यातला तेलकट थर असतो, आणि पट्टीवर तुमचंच गंज सोडवायचं तेल उरलेलं असतं. दोन्ही स्वच्छ पुसा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते. शिमानोच्या शिफ्टरचा क्लॅम्प ६ ते ८ न्यूटन-मीटर, कॅम्पाग्नोलोचा १०. बार कार्बनचा असेल आणि त्यावर छापलेला आकडा शिफ्टरच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर बारचा पाळायचा. तेवढ्यात शिफ्टर धरत नसेल तर आवळत जाऊ नका, कार्बनसाठी मिळणारी घर्षण पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कमध्ये जास्त पकड मिळते. टॉर्क रेंच (हा जोर मोजणारा पाना) नसेल तर मित्राचा मागून आणा. कार्बन बारवर हाताच्या अंदाजाने काम करू नका.

तरीही सरकत असेल तर पट्टी काढून बघा. ती वाकडी झाली असेल, किंवा नट आटा सोडत असेल. पट्टी बदला. क्लॅम्पखाली टेपचा तुकडा राहिलाय का, हेही बघा.

स्टेमचे चार बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. टॉर्क स्टेमवर छापलेला असतो, बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. दोन्ही हूड एका पातळीत आहेत का, हे बघायला त्यांवर एक सरळ फळी आडवी ठेवा. डोळ्यांपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवा.

गिअर बिघडले

टेप गुंडाळायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि मागच्या डिरेलरकडे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राकडे) बघा. हँडल वळताना तो हलत असेल तर आउटर आखूड पडतोय. समायोजनाने हे सुटत नाही, लांब आउटरच लागतो. चाक फिरवत हँडल वळवल्यावर ब्रेक घासत असेल तर तिथेही तेच.

आउटर पुरेसा असेल पण गिअर उशिरा पडत असतील, तर आउटरची टोकं शिफ्टरमध्ये आणि फ्रेमवरच्या खाचांत पूर्ण बसली आहेत का बघा. बार बदलताना ती सहज बाहेर सरकतात. बसवलीत की मागच्या डिरेलरवरचा ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा. मोठ्या चकतीवर जायला आळस करत असेल तर ताण वाढवा. छोट्या चकतीकडे यायला उशीर होत असेल तर बहुतेक वेळा वायर कुठेतरी घासत असते, टेपखाली तीक्ष्ण वळण पडलंय का शोधा.

आउटर बदलायचाच झाला तर गिअरचा ४ मि.मी.चा असतो आणि ब्रेकचा ५. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. त्यातले तारांचे धागे लांबीच्या दिशेने असतात, जोरात ब्रेक मारला की तो फाटून फुटू शकतो. साध्या पकडीने कापला तर टोक चेपतं, म्हणून केबल कटर वापरा आणि आतलं भोक दाभणाने मोकळं करा.

एका गोष्टीकडे मात्र खास लक्ष द्या. टेपखालून गिअरची वायर जाणाऱ्या शिमानो शिफ्टरमध्ये वायर आत एका घट्ट वळणावरून जाते, आणि तिथेच तिचे धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. गिअर टाकताना करकर लागते, अडखळल्यासारखं होतं, मग एखाद्या दिवशी क्लिक येणंच बंद होतं. असं जाणवलं तर शिफ्टर पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. तुटलेले धागे यंत्रणेत गुंडाळले जातात आणि काढणं जिकिरीचं होतं. गिअर सर्वांत छोट्या चकतीवर आणा, वायर डिरेलरपाशी सोडा आणि हळूच मागे ढकला. टोकाचा गोळा सरळ बाहेर आला तर नवी वायर घाला. नाही आला तर मेकॅनिककडे द्या. बार बदलायला टेप उघडलाच आहे, तर दोन पावसाळे झालेली गिअरची वायर याच वेळी बदलून टाका, असं मी सगळ्यांना सांगतो.

इथे थांबा, मेकॅनिककडे द्या

कार्बनवर भेग, चेपलेली जागा किंवा उचकटलेला थर दिसला तर. शिफ्टरच्या अंगावर तडा असेल तर. टी३० ठोकूनही बोल्ट निघाला नाही तर. वायरी किंवा नळी हेडसेटमधून (हँडलच्या बुडाच्या बेअरिंगमधून) फ्रेममध्ये जात असेल तर. हायड्रॉलिक लिव्हर दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा हँडलपर्यंत येत असेल तर. काम झाल्यावर पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे केली आणि हँडलच्या बुडाशी खडखड जाणवली तर. यांतलं काहीही असेल तर सायकल चालवत दुकानात नेऊ नका, गाडीत घालून न्या.

मेकॅनिक निवडताना टॉर्क रेंच आहे का, विचारा. हायड्रॉलिकचं काम असेल तर तुमच्या ब्रेकसाठी कोणतं तेल वापरतात, तेही विचारा. या दोन प्रश्नांना नीट उत्तर न देणाऱ्याकडे सायकल सोडू नका.

टेप लगेच पक्का गुंडाळू नका. आउटर इन्सुलेशन टेपने बांधून एनडीए रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन या. निघण्याआधी जागेवर उभं राहून दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा, आणि हूडवर अंगाचा भार टाकून बघा. परत आल्यावर स्टेमचे आणि शिफ्टरचे बोल्ट त्याच टॉर्कवर पुन्हा तपासा. नव्या बारवर पट्टी बसते तशी ती पहिल्या राइडला किंचित सैल पडू शकते. काहीच हललेलं नसेल, तर मग टेप गुंडाळा.